खेकड्याचा पिंजरा आणि बोटींची वाट

२०१७ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली 'सॅलिश' ही फेरीबोट जवळपास महिनाभर जागेवर उभी राहिली. ती खडकावर आदळली नव्हती, वादळात सापडली नव्हती. खेकडे पकडायला कोणीतरी पाण्यात सोडलेल्या पिंजऱ्याची दोरी तिच्या पंख्याच्या फिरत्या शाफ्टभोवती गुंडाळली गेली, एवढेच झाले होते. पोर्ट टाउनसेंड हे गाव आणि व्हिडबी बेटावरचे कूपव्हिल यांच्यामध्ये ही बोट एका वेळी साठेक मोटारी घेऊन जाते. पाण्यातून अर्धा-पाऊण तास लागतो. जमिनीवरून वळसा घालायचा तर काही तास मोडतात. त्या महिन्यात शेकडो फेऱ्या रद्द झाल्या आणि हजारो माणसांचा खोळंबा झाला.

पिंजरा सोडणाऱ्याचा हेतू वाईट असण्याचे काही कारण नाही. सुट्टीच्या दिवशी लहानशा बोटीतून आलेला कोणी हौशी माणूस असेल. पाणी बरे दिसले, पिंजरा सोडला, संध्याकाळी येऊन काढू म्हणाला. पण सकाळी जिथे दोरीच्या वरच्या टोकाचा बोया तरंगत होता तिथेच तो दुपारी राहील, हे त्याने गृहीत धरले. समुद्रात हे गृहीतक टिकत नाही. पिंजरा तळाशी असतो आणि धोका दोरीत असतो. म्हणून पिंजरा सोडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: पुढच्या सहा तासांत ही दोरी कुठे कुठे जाईल? सुरक्षित पिंजऱ्याचे सगळे नियम या एका प्रश्नातून निघतात.

प्युजेट साउंडमधला उन्हाळा

वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य भागात समुद्र जमिनीत खोलवर शिरला आहे. त्या फाट्यांच्या, बेटांच्या आणि उपसागरांच्या जाळ्याला प्युजेट साउंड म्हणतात. सिॲटल, टकोमा, ऑलिम्पिया ही शहरे त्याच्याच काठावर आहेत. हिमयुगातल्या बर्फाच्या प्रचंड थरांनी ही खोरी कोरून काढली. त्यामुळे किनाऱ्यालगत उथळ पाण्याची अरुंद पट्टी आणि पुढे एकदम खोल उतार, अशी इथल्या तळाची ठेवण आहे. काही ठिकाणी खोली नऊशे फुटांच्या पुढे जाते.

या उथळ पट्टीवर, वाळू-चिखलाच्या तळावर डंजनेस खेकडा राहतो. कवच तपकिरी-जांभळट, मांस गोडसर आणि भरपूर. उन्हाळ्यात, साधारण जुलैपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, हौशी मंडळींना तो पकडायची मुभा असते. बहुतेक भागांत आठवड्यातले काही दिवस पकड पूर्ण बंद ठेवतात. प्रत्येकाला दोनच पिंजरे, दिवसाला पाचच खेकडे, तेही फक्त नर, कडक कवचाचे आणि सव्वासहा इंचांहून रुंद. मादी सापडली की पाण्यात परत. या खेकड्यावर तिथल्या मूळ रहिवासी जमातींचा करारसिद्ध हक्क आहे. १९७४ च्या आणि १९९४ च्या न्यायालयीन निकालांनी त्यांचा निम्मा वाटा मान्य केला. शिवाय व्यावसायिक मच्छीमार आहेतच. सिॲटल-रेडमंड परिसरात नोकरीनिमित्त स्थिरावलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. चिंबोरीच्या रश्शाची सवय असलेल्यांना या पाण्याची आणि या हंगामाची ओढ वाटली तर नवल नाही.

याच पाण्यातून राज्य सरकारची फेरीसेवा चालते. ती अमेरिकेतली सर्वांत मोठी फेरीसेवा आहे. तिच्या जोडीला मालवाहू जहाजे, टग, तेलवाहू बार्ज, नौदलाच्या नौका आणि हजारो खासगी बोटी. खेकड्याचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम एकाच वेळी येतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी उथळ पट्टीवर लाल-पांढऱ्या बोयांची गर्दी असते आणि तिला खेटून बोटींची रहदारी. गाठ पडते ती इथे.

दोरी पंख्यात गेल्यावर काय होते

पंखा फिरत असताना पाणी स्वतःकडे ओढून घेतो. जवळ आलेली सैल दोरी त्या ओढीबरोबर आत येते. एकदा पहिला वेढा बसला की पुढचे काम शाफ्टच करतो: मिनिटाला शेकडो फेरे, प्रत्येक फेऱ्याला दोरी आणखी आवळते. घर्षणाने प्लॅस्टिकची दोरी तापते, वितळते आणि तिचा दगडासारखा घट्ट गोळा होतो. शाफ्ट बोटीच्या बाहेर येतो तिथे पाणी आत येऊ नये आणि तेल बाहेर जाऊ नये म्हणून सील बसवलेले असते. दोरीचे वेढे त्या फटीत घुसले की सील कापले जाते. मग पाणबुड्याने सुरीने दोरी कापून भागत नाही. बोट ड्राय डॉकमध्ये चढवावी लागते, शाफ्ट उघडावा लागतो.

लहान बोटीवरचा प्रसंग याहून गंभीर होऊ शकतो. समजा, आउटबोर्ड इंजिनाची पंधरा-सोळा फुटी बोट आहे आणि तिच्या पंख्यात दोरी अडकली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला तळाशी जड पिंजरा आहे. म्हणजे बोट आता मागच्या बाजूने नांगरली गेली. बोटीची नाळ लाटा कापण्यासाठी असते. मागची बाजू सपाट आणि बुटकी असते, शिवाय इंजिनाचे वजन तिथेच असते. पाण्याला ओढ असेल तर लाटा थेट मागून आत येतात आणि काही मिनिटांत बोट भरू शकते. प्युजेट साउंडचे पाणी भर उन्हाळ्यातही बहुतेक ठिकाणी बारा-तेरा अंशांच्या आसपास असते. अशा पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय लवकर बधिर होतात. पिंजरा कुठे टाकला हा प्रश्न म्हणून खेकड्यांपुरता राहत नाही, माणसांच्या जिवाशी येऊन भिडतो.

दोरी किती लांब असावी

इथेच सर्वाधिक चुका होतात, म्हणून हा भाग सावकाश पाहू.

वॉशिंग्टनच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाची शिफारस अशी की पाण्याच्या खोलीपेक्षा दोरी एक तृतीयांशाने जास्त ठेवावी. खोली म्हणजे भरतीची खोली. अमेरिकी सागरी नकाशावर छापलेली खोली मात्र सरासरी नीचतम ओहोटीची असते. प्युजेट साउंडमध्ये भरती-ओहोटीतली तफावत मोठी आहे. सिॲटलला ती सरासरी अकरा फुटांच्या वर जाते, दक्षिणेला ऑलिम्पियाला चौदा फुटांच्या आसपास. शिवाय इथल्या दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक किरकोळ असते, दुसरी खोलवर जाते.

एक उदाहरण घेऊ. नकाशावर खोली ६० फूट आहे, आपल्या कोळी बांधवांच्या मापाने दहा वाव. भरतीला पाणी १२ फुटांनी चढेल, म्हणजे ७२ फूट. त्यात एक तृतीयांश, २४ फूट, मिळवले की दोरी ९६ फूट झाली.

आता कोणी ओहोटीच्या वेळी आला, बोटीवरच्या यंत्रावर ६० फूट खोली पाहिली आणि ६५ फुटांची दोरी बांधून निघून गेला. पाच फूट जास्त आहे, पुरे. सहा तासांनी पाणी ७२ फुटांवर गेले. दोरी ६५ फूट. पिंजरा जड असेल तर बोया पाण्याखाली सात फुटांवर बुडाला. परत आलेला माणूस शोध शोध शोधतो, दिसत नाही, आणि पिंजरा चोरीला गेला असे समजून घरी जातो. ओहोटीला बोया पुन्हा वर येतो, पण तेव्हा पाहायला तो नसतो. पाण्याखाली दोन-चार फुटांवर उभा असलेला असा बोया सर्वांत घातक, कारण बोटवाल्याला तो दिसत नाही आणि पंखा नेमका त्याच खोलीवर असतो.

पिंजरा हलका असेल तर उलटे घडते. बोया वर राहतो आणि पिंजरा तळावरून उचलला जातो. पाण्याची ओढ त्याला ढकलत नेते. उथळ पट्टीची कड ओलांडली की पुढे उतार. पिंजरा खोल पाण्यात लटकत, दोरीसह, वाहतूक जाते तिकडे चालू लागतो. माणसाने पिंजरा फेरीच्या मार्गात टाकलेला नसतो. तो तिथे पोहोचलेला असतो.

मग दोरी भरपूर लांब ठेवली तर? तेही चालत नाही. खुंट्याला बांधलेले वासरू दाव्याच्या लांबीएवढे चहूकडे चरते, तसा बोया पिंजऱ्याभोवती फिरतो. वरच्या उदाहरणात ओहोटीला ६० फूट पाणी आहे आणि दोरी ९६ फूट. पाण्याची जोरदार ओढ असेल तर बोया पिंजऱ्यापासून आडवा ७५ फुटांपर्यंत जाऊ शकतो. पायथागोरसचा नियम लावला की हा आकडा येतो. भरतीला ओढ उत्तरेला असेल तर ओहोटीला दक्षिणेला. म्हणजे एका पिंजऱ्याने दीडशे फूट व्यासाचे वर्तुळ अडवले. दोरी आणखी पन्नास फूट वाढवली की हे वर्तुळ बरेच मोठे होते. फेरीच्या मार्गापासून अंतर मोजायचे ते या वर्तुळाच्या कडेपासून, पिंजऱ्यापासून नाही. दोन पिंजऱ्यांमधले अंतरही याच हिशेबाने ठेवायचे, नाहीतर दोऱ्या एकमेकींत गुंततात आणि दोन्ही हातचे जातात.

दोरी बुडणारी हवी

पाणी शांत असते तेव्हा जास्तीच्या दोरीचे काय होते, हेही पाहायला हवे. ओहोटीला ६० फूट पाण्यात ९६ फुटांची दोरी म्हणजे ३६ फूट सैल. दोरी कशाची आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. दुकानात स्वस्तात मिळणारी पिवळी पॉलिप्रॉपिलीनची दोरी पाण्यावर तरंगते. ती ३६ फूट दोरी बोयाभोवती पृष्ठभागावर वेटोळी घालून पडते आणि जवळून जाणाऱ्या पंख्यात अलगद जाते. शिशाचा गाभा असलेली वजनदार दोरी मात्र बुडते. सैल भाग बोयाच्या खाली सरळ लोंबतो आणि पृष्ठभाग मोकळा राहतो. वॉशिंग्टनमध्ये दोरी पाण्यावर तरंगता कामा नये असा नियमच आहे. तरंगणारी दोरी हाताशी असेल तर बोयाखाली काही फुटांवर तिला लहान वजन अडकवतात. दोन-तीनशे ग्रॅम शिसे हे काम करते.

पिंजऱ्याच्या वजनाकडेही असेच लक्ष हवे. हौशी लोकांसाठी विकले जाणारे घडीचे पिंजरे उचलायला सोपे असतात, म्हणून खपतात. जिथे पाण्याला ओढ आहे तिथे ते टिकत नाहीत. डिसेप्शन पास या अरुंद खिंडीत पाणी ताशी आठ सागरी मैलांपर्यंत वेग घेते. 'सॅलिश' जिथून जाते ती ॲडमिरल्टी इनलेट म्हणजे प्युजेट साउंडचे मुख्य तोंड. तिथेही ओढ जबर असते. अशा भागांच्या आसपास पिंजरा टाकायचाच तर त्याच्या तळाला लोखंडी सळीचे तुकडे किंवा शिशाची वजने घट्ट बांधावी लागतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पिंजरा न सोडणे हे त्याहून शहाणपणाचे. उधाण आणि भांग यांचे गणित कोकणातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. तेच गणित तिथेही लागू आहे. पिंजरा सोडण्याची आणि काढण्याची उत्तम वेळ म्हणजे भरती किंवा ओहोटी संपून पाणी थोडा वेळ थांबते ती.

बोया दिसला पाहिजे. हौशी पकडीचा बोया अर्धा लाल आणि अर्धा पांढरा असावा लागतो, त्यावर मालकाचे नाव-पत्ता पुसला न जाईल असा लिहिलेला असावा लागतो. ब्लीचच्या, डिटर्जंटच्या रिकाम्या बाटल्या बोया म्हणून चालत नाहीत. त्या चेपतात, फुटतात, पाणी शिरून बुडतात, आणि लाटांमध्ये दुरून कचऱ्यासारख्या दिसतात. चांगल्या बोयावर काठी आणि तिला छोटे निशाण लावले तर छोट्या लाटांमध्येही तो दुरून नजरेस पडतो. तरीही एक मर्यादा राहतेच: रात्री लाल-पांढरा रंग उपयोगाचा नाही आणि पाण्यालगतचा प्लॅस्टिकचा गोळा रडारवर उमटेल याची खात्री नाही. फेरी मात्र रात्रीही चालते.

जागा कशी निवडावी

सागरी नकाशावर फेरीचे मार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. ती रेषा पाहून तिच्या जरा बाजूला पिंजरा टाकला की झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात फेरी त्या रेषेवरून तंतोतंत जात नाही. भरतीची ओढ एका बाजूने असेल तर कप्तान बोट आधीच दुसऱ्या बाजूला धरतो. समोरून दुसरी फेरी, टग किंवा शिडाची होडी आली की मार्ग बदलतो. धक्क्याजवळ येताना वाऱ्याचा विचार करून मोठे वळण घेतो. नकाशावरची रेषा म्हणजे प्रत्यक्षात बराच रुंद पट्टा असतो, आणि धक्क्याजवळ तो आणखी पसरतो. पावणेतीनशे फूट लांबीची, मोटारींनी भरलेली बोट एकेका बोयाला चुकवत नागमोडी जाऊ शकत नाही.

म्हणून पिंजरा सोडण्याआधी इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे आणि पाहावे. एक फेरी जाऊ द्यावी, दुसरी येऊ द्यावी. त्या कुठून वळतात, त्यांचा फेस कुठपर्यंत पसरतो, मच्छीमारांच्या बोटी कोणत्या वाटेने बाहेर पडतात, हे डोळ्यांनी दिसते. नकाशा आणि डोळे दोन्ही वापरले की टाळायच्या जागा आपोआप ठरतात: फेरीचा पट्टा आणि धक्क्याचा परिसर, लाल-हिरव्या खुणांनी आखलेला जलमार्ग, मरिनाचे तोंड आणि बोटी पाण्यात उतरवायचा उतार, बोटी नांगरायची जागा, समुद्रतळावरच्या केबलचा भाग, आणि दोन बेटांमधली कोणतीही चिंचोळी वाट.

राहिले काय? मुख्य वाहतुकीपासून आत वळलेले उपसागर, सपाट तळ, मध्यम खोली. तळ सपाट हवा, कारण उतारावर पिंजरा घरंगळतो आणि दोरी अपुरी पडते. पिंजरे किनाऱ्याला समांतर, एका खोलीवर, एका ओळीत सोडावेत. विस्कळीत टाकलेल्या बोयांमधून वाट काढणे अवघड. ओळ दिसली की बोटवाला तिच्या बाहेरून जातो. प्रत्येक पिंजऱ्याची जागा जीपीएसवर नोंदवावी आणि पहिल्या तासाभरात एकदा येऊन पाहावे. बोया नोंदवलेल्या जागेपासून दोरीच्या वर्तुळाबाहेर गेला असेल तर पिंजरा चालू लागला आहे. तो लगेच उचलावा.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेले आंतरराष्ट्रीय नियम भारतासह जगभर पाळले जातात. त्यातला नववा नियम सांगतो की अरुंद जलमार्गातून जाणाऱ्या कोणत्याही नौकेची वाट मासेमारी करणाऱ्या नौकेने अडवू नये. नियम नौकेबद्दल आहे, पण नौका निघून गेल्यावर मागे राहिलेली तिची दोरी तर कोणाला वाटही देऊ शकत नाही. फ्लोरिडासारख्या राज्यांनी आखलेल्या जलमार्गात सापळे टाकायला थेट बंदी घातली आहे.

हरवलेला पिंजरा पकडतच राहतो

फेरीच्या पंख्याने दोरी कापली की त्या दिवसाचे नुकसान तिथे थांबत नाही. पिंजरा तळाशी शाबूत असतो. आतले आमिष संपते, पण आत अडकलेले खेकडे उपाशी मरतात आणि त्यांच्या कुजण्याच्या वासाने नवे खेकडे आत येतात. तेही मरतात. कोणी काढणारा नसताना पिंजरा स्वतःच स्वतःचे आमिष तयार करत राहतो. प्युजेट साउंडवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की तिथे वर्षाला सुमारे बारा हजार पिंजरे हरवतात आणि त्यांत पावणेदोन लाखांहून जास्त खेकडे वाया जातात. हे सगळे खेकडे पकडण्याजोगे होते: जमातींच्या वाट्याचे, मच्छीमारांच्या पोटाचे आणि हौशी लोकांच्या ताटातले.

यावरचा उपाय फार साधा आहे: सुती दोरा. पिंजऱ्याचे झाकण किंवा बाजूचा एक भाग प्रक्रिया न केलेल्या बारीक सुती दोऱ्याने बांधायचा. जाडी जास्तीत जास्त एक अष्टमांश इंच. समुद्राच्या पाण्यात हा दोरा काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत कुजतो, झाकण उघडते आणि खेकडे सुटतात. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही, म्हणून इथे सूतच लागते. दोरा अशा जागी हवा की तो तुटल्यावर झाकण खरोखर उघडेल. आकडा दुसरीकडे अडकून राहिला तर दोऱ्याचा उपयोग नाही. याशिवाय पिंजऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागात सव्वाचार इंच व्यासाची किमान दोन कडी बसवावी लागतात. त्यांतून लहान खेकडे आणि बहुतेक माद्या पिंजरा हरवला नसतानाही बाहेर पडतात. दरवर्षी नव्या हंगामाआधी जुना दोरा काढून नवा बांधावा. खर्च चहाच्या कपाएवढाही नाही.

पिंजरा हरवलाच तर तो कळवावा. हरवलेली साधने कळवणाऱ्याला तिथे दंड होत नाही. मत्स्य विभाग आणि नॉर्थवेस्ट स्ट्रेट्स फाउंडेशनसारख्या संस्था अशा नोंदींवरून तळ धुंडाळतात आणि जुने पिंजरे, जाळी बाहेर काढतात. लपवलेला पिंजरा मात्र कोणालाच सापडत नाही.

बोट चालवणाऱ्यांनी काय करावे

जबाबदारी एकट्या खेकडेवाल्याची नाही. उथळ पट्टीवरून जाताना वेग कमी ठेवावा आणि एकाला पुढे नजर ठेवायला बसवावे. बोया दिसला तर तो कोणत्या बाजूला झुकला आहे ते पाहावे. पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेला बोया ओढला जातो. पिंजरा आणि दोरी त्याच्या उलट, वरच्या अंगाला असतात. म्हणून बोयाच्या खालच्या अंगाने, म्हणजे पाणी जिकडे वाहते आहे त्या बाजूने जावे. वरच्या अंगाने गेलात तर थेट दोरीवरून जाल. दोन बोये जवळजवळ दिसले तर त्यांच्या मधून कधीच जाऊ नये.

इंजिनाचा आवाज बदलला, बोट अचानक अडखळली, की लगेच गिअर न्यूट्रलवर आणावा आणि इंजिन बंद करावे. घाईने उलटा गिअर टाकला तर बहुतेक वेळा दोरी आणखी आवळते. आउटबोर्ड असेल तर ते वर उचलून, सर्वांनी लाइफ जॅकेट घातलेले असताना, आकड्याने दोरी सोडवायचा प्रयत्न करावा. गार पाण्यात, ओढ असताना, सुरी घेऊन खाली उतरू नये. रेडिओवरून मदत मागावी. बोट मागून पाणी घेऊ लागली तर मात्र दोरी कापण्याला पर्याय नाही. एरवी दुसऱ्याची दोरी कापणे म्हणजे तळाशी आणखी एक बेवारस पिंजरा सोडणे, आणि दुसऱ्याचा पिंजरा काढणे हा गुन्हा आहे.

आपल्या खाड्यांसाठी

महाराष्ट्रात खेकडे पकडण्याची पद्धत वेगळी. कुठे पगोळी लावतात, कुठे बिळातून आकड्याने चिंबोरी काढतात, कुठे जाळ्यात येते ती घेतात. पण आपल्या पाण्यातली वाहतूक झपाट्याने वाढते आहे. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी या खाड्यांतून मोटारी नेणाऱ्या फेरीबोटी चालतात. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली. गेटवेवरून लाँचेस सुटतात, आणि मुंबई बंदरात मोठ्या जहाजांचे मार्ग मासेमारीच्या पिढीजात जागांना खेटून जातात. मुंबईला उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढते-उतरते. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात ही तफावत बरीच कमी होते. म्हणजे दोरीचा हिशेबही जागोजागी वेगळा. थर्माकोलचे तुकडे आणि रिकामे कॅन हे आपल्याकडचे नेहमीचे बोये, आणि तरंगणारी प्लॅस्टिकची दोरी ही नेहमीची दोरी. या दोन गोष्टी बदलल्या तरी जाळ्यांचे नुकसान आणि बोटींचे खोळंबे पुष्कळ कमी होतील.

त्याबरोबर एक गोष्ट बंदर आणि फेरी चालवणाऱ्यांनीही करायला हवी. जलमार्ग आखताना तिथल्या कोळीवाड्यातल्या तांडेलांना विचारावे, आणि आखलेला मार्ग कोळ्यांना कळेल अशा खुणांनी पाण्यावर दाखवावा. न आखलेली वाट चुकवा असे मच्छीमाराला सांगणे न्यायाचे नाही.

सिॲटलकडे या उन्हाळ्यात पिंजरे घेऊन निघणाऱ्यांना एवढेच सांगणे: परवाना आणि त्या वर्षीचे नियम आधी पाहा, कारण भागानुसार दिवस बदलतात. भरतीचे वेळापत्रक पाहून दोरी मोजा आणि ती बुडणारी असू द्या. पिंजऱ्याला वजन बांधा, झाकणाला नवा सुती दोरा बांधा, बोयावर नाव लिहा. फेरीचा पट्टा, आखलेला जलमार्ग आणि धक्का यांपासून दूर राहा आणि परतताना पिंजरे मोजून परत आणा. जागेबद्दल जरा जरी शंका वाटली, तर पिंजरा बोटीतच राहू द्या आणि पुढच्या उपसागरात जा. खेकडे तिथेही आहेत.